एकाच नाण्याचे दोन भाव: क्रिप्टो एक्स्चेंजची तुलना करताना काय पाहायचं

फेब्रुवारी २०१४ मध्ये बिटकॉइनचे एकाच वेळी दोन भाव चालू होते. टोकियोच्या माउंट गॉक्स एक्स्चेंजवर तो दिवसेंदिवस घसरत होता आणि बाकीच्या एक्स्चेंजवर मात्र बऱ्यापैकी तग धरून होता. ७ फेब्रुवारीला माउंट गॉक्सने ग्राहकांना बिटकॉइन बाहेर काढू देणं थांबवलं. पुढच्या दोन आठवड्यांत तिथला भाव इतर ठिकाणच्या भावाच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. ज्यांनी नुसता भाव पाहिला त्यांना वाटलं, माल स्वस्तात मिळतोय. २८ फेब्रुवारीला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं उघड झालं. त्यातले दोनेक लाख पुढे सापडले, बाकीचे गेले ते गेलेच.

याच एक्स्चेंजचं काही महिने आधीचं चित्र अगदी उलट होतं. २०१३च्या मध्यापासून तिथून डॉलर काढणं अवघड झालं होतं, लोकांचे पैसे आठवडेच्या आठवडे अडकून पडत. आणि त्या काळात बिटकॉइन तिथे इतरांपेक्षा महाग होता. कारण सरळ आहे. डॉलर बाहेर पडत नव्हते, पण बिटकॉइन पडत होते. मग अडकलेले लोक आपले डॉलर देऊन बिटकॉइन घेत आणि त्या वाटेने सुटका करून घेत. सगळे एकाच वाटेकडे धावले की त्या वाटेचा भाव चढतो. पुढे तीच वाट बंद झाली, तेव्हा तिथल्या बिटकॉइनचा अर्थच बदलला. तो बिटकॉइन उरला नव्हता, एका डगमगत्या कंपनीकडून येणं असलेल्या रकमेचा कागद झाला होता, आणि बाजाराने त्याला कागदाचाच भाव दिला.

हे उदाहरण सुरुवातीलाच दिलं, कारण एक्स्चेंजची तुलना करताना बहुतेक जण तीन रकाने आखतात: भाव, व्हॉल्यूम (म्हणजे उलाढाल) आणि पैसे-नाणी हलवण्याची सोय. तिन्ही रकाने सुटे सुटे भरतात आणि सगळ्यात कमी भाव असलेल्याला पहिला नंबर देतात. माझ्या मते तिसरा रकाना आधी भरायला हवा. जिथून आत-बाहेर करणं सोपं असतं, तिथला भाव जगाच्या भावाशी जुळलेला राहतो. जिथे भाव जुळत नाही, तिथे कुठलं तरी दार अडलेलं असण्याची शक्यता दाट असते.

मुळात एकच भाव नसतोच

‘आज बिटकॉइनचा भाव काय?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर नाही. बिटकॉइनचा एक मध्यवर्ती बाजार नाही. बायनान्स, कॉइनबेस, क्रॅकन, बिटस्टॅम्प, ओकेएक्स, बायबिट ही प्रत्येक एक्स्चेंज म्हणजे स्वतंत्र बाजार. तिथले घेणारे वेगळे, विकणारे वेगळे. एका एक्स्चेंजवरच्या सौद्याची दुसऱ्या एक्स्चेंजला खबरही नसते. तरीही मोठ्या एक्स्चेंजवरचे भाव एकमेकांच्या अगदी जवळ राहतात, कारण काही व्यापारी दिवसभर हेच काम करतात: इथे स्वस्त दिसलं की घ्यायचं, तिथे महाग दिसलं की विकायचं. याला आर्बिट्राज म्हणतात. त्यांच्या या ये-जा करण्यामुळेच भाव समपातळीत येतात. त्यांची वाट अडवली की पातळी बिघडते.

दक्षिण कोरियात जानेवारी २०१८ मध्ये हेच झालं. तिथल्या एक्स्चेंजवर बिटकॉइन बाहेरच्या जगापेक्षा जवळपास ५० टक्के महाग विकला जात होता. बाहेरून बिटकॉइन आणून तिथे विकणं सोपं होतं, पण विकून आलेला वॉन देशाबाहेर नेण्यावर परकीय चलनाचे कडक नियम होते. आर्बिट्राजवाल्यांचं अर्धं चक्र तिथेच अडायचं. ८ जानेवारीला कॉइनमार्केटकॅप या भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळाने कोरियन एक्स्चेंज आपल्या सरासरीतून गुपचूप वगळल्या. एका क्षणात पडद्यावरचे भाव खाली आले. प्रत्यक्षात कुणी काही विकलं नव्हतं, सरासरी काढायची पद्धत बदलली होती. लोकांना ते माहीत नव्हतं, त्यांनी घाबरून खरोखरच विकायला सुरुवात केली.

तेव्हा संकेतस्थळांवरचा सरासरी भाव हा अंदाज घेण्यापुरता. त्या भावात तुम्हाला कुणी नाणं देईल असं नाही.

पडद्यावरचा भाव आणि हातात पडणारा भाव

एक्स्चेंजच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव असतो. तो सौदा होऊन गेला. तुमचा सौदा कोणत्या भावात होईल हे ऑर्डर बुक सांगतं. ऑर्डर बुक म्हणजे दोन रांगा. एका बाजूला घेणारे उभे असतात, प्रत्येक जण ‘मी इतक्याला इतकी नाणी घेईन’ असं सांगून. समोर विकणारे असतात. सगळ्यात जास्त देऊ करणारा घेणारा आणि सगळ्यात कमी मागणारा विकणारा यांच्यातलं अंतर म्हणजे स्प्रेड.

आता आकडे मांडून पाहू. समजा तुम्हाला कुठल्याशा नाण्याची १० नगं घ्यायची आहेत आणि दोन एक्स्चेंज समोर आहेत.

पहिल्या एक्स्चेंजवर शेवटचा भाव १०० डॉलर दिसतोय आणि फी ०.१ टक्का. विकणाऱ्यांच्या रांगेत पहिला १००.१० डॉलरला २ नगं द्यायला तयार आहे, दुसरा १००.४० ला ३ नगं, तिसरा १०१.२० ला ५ नगं. तुम्ही ‘मिळेल त्या भावात घ्या’ अशी मार्केट ऑर्डर टाकली, की ती या तिघांकडून क्रमाने माल उचलते: २००.२० अधिक ३०१.२० अधिक ५०६, एकूण १००७.४० डॉलर. वर फी धरली की १००८.४१.

दुसऱ्या एक्स्चेंजवर शेवटचा भाव १००.२० आहे, म्हणजे महाग. फीसुद्धा ०.२५ टक्के, अडीच पट. पण तिथे रांगेत पहिलाच विक्रेता १००.२२ डॉलरला ४० नगं घेऊन उभा आहे. तुमच्या १० नगांचे १००२.२० होतात आणि फीसकट १००४.७१.

भाव आणि फी या दोन्ही रकान्यांत हरलेली एक्स्चेंज तुम्हाला ३ डॉलर ७० सेंटनी स्वस्त पडली. पहिल्या ठिकाणी तुमची स्वतःचीच ऑर्डर भाव वर ढकलत गेली. या सरकण्याला स्लिपेज म्हणतात आणि तो कुठल्याही फीच्या तक्त्यात छापलेला नसतो. भावाच्या आसपास किती माल उभा आहे, याला डेप्थ म्हणतात. दोन नगं घ्यायची असती तर पहिली एक्स्चेंजच स्वस्त पडली असती. म्हणून ‘सगळ्यात स्वस्त एक्स्चेंज कोणती’ या प्रश्नाला, किती घ्यायचं आहे ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

डेप्थ आटली की काय होतं हे २१ जून २०१७ ला दिसलं. कॉइनबेसच्याच जीडॅक्स नावाच्या एक्स्चेंजवर कुणीतरी काही दशलक्ष डॉलरचं इथर हे नाणं मार्केट ऑर्डरने विकायला काढलं. भाव ३१७ डॉलरच्या आसपास होता. त्या ऑर्डरने घेणाऱ्यांची रांगच्या रांग रिकामी केली. भाव पडताच लोकांनी आधी लावून ठेवलेल्या स्टॉप-लॉस ऑर्डरी (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विका, अशा) आपोआप सुटल्या, त्यांनी आणखी विक्री झाली, आणि क्षणभर इथरचा सौदा १० सेंटला झाला. इतर एक्स्चेंजवर भाव त्या प्रमाणात हललाही नव्हता. ज्यांची नाणी अशी कवडीमोलाने गेली त्यांना कंपनीने पुढे भरपाई दिली, पण तसं करण्याचं बंधन प्रत्येक एक्स्चेंजवर असतंच असं नाही.

यावर साधा बचाव म्हणजे लिमिट ऑर्डर. ‘१००.२५ च्या वर एक सेंटही देणार नाही’ असं तुम्ही सांगून ठेवता. सौदा झाला तर त्याच भावात किंवा त्याहून चांगल्या भावात होतो, नाही तर होत नाही. शिवाय रांगेत उभं राहून वाट पाहणाऱ्याला बहुतेक एक्स्चेंज कमी फी लावतात. त्याला मेकर म्हणतात, तो बाजारात माल ठेवतो. समोर उभा असलेला माल उचलणारा तो टेकर, त्याला जास्त फी. घाई नसेल तर मेकर होण्यात फायदा आहे.

‘शून्य फी’ची जाहिरात दिसली तर एक हिशोब करावा. त्याच ॲपवर एकाच क्षणी नाणं घ्यायचा भाव आणि विकायचा भाव पाहावा. घेताना १०१.५० आणि विकताना ९८.५० असेल, तर मधल्या १०० वर ३ टक्क्यांचं अंतर आहे. जाऊन-येऊन ३ टक्के त्यांनी घेतलेच, फी हा शब्द न वापरता. एकाच कंपनीच्या ‘झटपट खरेदी’च्या बटणामागे आणि तिच्याच ऑर्डर बुकच्या पडद्यावर असे दोन निराळे खर्च असणं अगदी नेहमीचं आहे. नवख्या माणसाला बटण सोपं वाटतं आणि त्या सोपेपणाचे पैसे त्याला दर सौद्यात मोजावे लागतात. मला हे मनापासून खटकतं, कारण सगळ्यात कमी माहिती असलेल्याकडूनच इथे सगळ्यात जास्त घेतलं जातं.

आणखी एक बारीक गोष्ट. भाव कोणत्या डॉलरमध्ये लिहिलाय ते पाहा. एका एक्स्चेंजवर तो खऱ्या डॉलरमध्ये असतो, दुसरीकडे टेथरमध्ये, तिसरीकडे यूएसडीसीमध्ये. ही स्टेबलकॉइन एक डॉलरला बांधलेली मानली जातात आणि बहुतेक दिवस तशी असतातही. पण मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी चालवणाऱ्या सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर त्या बँकेत अडकल्याचं कळलं आणि यूएसडीसी ८८ सेंटच्या आसपास घसरलं. त्या शनिवार-रविवारी यूएसडीसीमध्ये लिहिलेला बिटकॉइनचा भाव फुगलेला दिसत होता. बिटकॉइन चढला नव्हता, मोजपट्टी आखूड झाली होती.

व्हॉल्यूमचा आकडा: गर्दी खरी की भाड्याची?

व्हॉल्यूम म्हणजे ठरावीक वेळात, बहुधा चोवीस तासांत, झालेल्या सौद्यांची एकूण उलाढाल. उलाढाल मोठी असेल तर घेणारे-विकणारे भरपूर, स्प्रेड कमी, तुमचा माल लगेच खपेल, असा त्यामागचा तर्क. तर्क बरोबर आहे, आकडा मात्र एक्स्चेंजने स्वतःच सांगितलेला असतो.

इथे दिसतं तसं नसतं. एक्स्चेंज किंवा तिने नेमलेली मंडळी उजव्या हाताने विकून डाव्या हाताने घेऊ शकतात. मालक तोच, नाणं तेच, पण उलाढालीत भर पडते. याला वॉश ट्रेडिंग म्हणतात. यामागचा फायदा उघड आहे. यादीत वरचा नंबर लागला की नवे ग्राहक येतात, आणि नवी नाणी काढणाऱ्या कंपन्या आपलं नाणं तिथे सूचीत यावं म्हणून पैसे मोजायला तयार होतात.

मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या एसईसी या नियामक संस्थेला एक पाहणी सादर केली. तिने ८१ एक्स्चेंज तपासल्या. रोजची सांगितलेली बिटकॉइन उलाढाल सुमारे ६ अब्ज डॉलर होती, त्यातली खरी वाटली ती जेमतेम २७.३ कोटी डॉलरची. म्हणजे सुमारे ९५ टक्के खोटी किंवा अर्थहीन. बिटवाइजला तेव्हा बिटकॉइनचा ईटीएफ (शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) मंजूर करून घ्यायचा होता, त्यामुळे खरा बाजार लहान पण शिस्तीचा आहे हे दाखवण्यात तिचा हितसंबंध होता, हेही लक्षात ठेवायला हवं. पण पुढे नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातही नियमनाबाहेरच्या एक्स्चेंजवरचा ७० टक्क्यांहून अधिक व्हॉल्यूम वॉश ट्रेडिंगचा असल्याचा निष्कर्ष निघाला.

त्यांनी हे ओळखलं कसं, हे जाणून घेण्यासारखं आहे, कारण त्यातलं काही आपल्यालाही घरबसल्या करता येतं. बिटवाइजने कॉइनबेस प्रोचा पडदा पाहिला तेव्हा तिथे स्प्रेड एक सेंट होता. त्याच्या कितीतरी पट उलाढाल सांगणाऱ्या दुसऱ्या एका एक्स्चेंजवर स्प्रेड तीस डॉलरहून जास्त होता. खरोखर एवढी गर्दी असती तर कुणीतरी त्या तीस डॉलरच्या फटीत शिरून आपला भाव लावला असता. गर्दी आहे, पण फट भरायला कुणी पुढे येत नाही, हे जुळत नाही.

दुसरी खूण सौद्यांच्या आकारात. एक्स्चेंजवर झालेल्या सौद्यांची यादी सतत सरकत असते. ती पाच मिनिटं शांतपणे पाहा. माणसं आपली रक्कम ठोक आकड्यांत ठरवतात: ०.१ बिटकॉइन, अर्धा, एक. त्यामुळे खऱ्या बाजारात लहान सौदे खूप, मोठे कमी, आणि ठोक आकड्यांवर गर्दी असं चित्र दिसतं. कधी दोन मिनिटं शांतता, मग एकदम दहा सौदे. यंत्राने पाडलेल्या सौद्यांना ही माणसाची लय नसते. एक खरेदी, लगेच तेवढीच विक्री, पुन्हा खरेदी, ठरल्यासारख्या अंतराने, दिवस-रात्र. एकदा नजर बसली की फरक कळायला लागतो.

कॉइनमार्केटकॅप आणि कॉइनगेको या दोन्ही ठिकाणी प्रत्येक एक्स्चेंजवरच्या जोडीपुढे (जोडी म्हणजे कोणतं नाणं कशाच्या बदल्यात, जसं बिटकॉइन-डॉलर) ‘दोन टक्के डेप्थ’ असा रकाना असतो. भाव दोन टक्के वर किंवा खाली ढकलायला किती डॉलर लागतील हे तो सांगतो. व्हॉल्यूमऐवजी मी हा रकाना आधी पाहतो. दिवसाची उलाढाल वीस कोटी डॉलर आणि दोन टक्के डेप्थ वीस हजार डॉलर असेल, तर ती उलाढाल कुठून आली असा प्रश्न पडायलाच हवा. अर्थात उभी ऑर्डरही दाखवण्यापुरती लावून ऐन वेळी काढून घेता येते, पण ते जास्त जोखमीचं काम आहे. मधल्या मध्ये कुणी खराच माल उचलू शकतो. आणखी एक तपशील जाता जाता: एप्रिल २०२० मध्ये बायनान्सने कॉइनमार्केटकॅप विकत घेतलं. गुण देणारा आणि गुण मिळवणारा एकाच घरचे झाले, म्हणून दोन्ही संकेतस्थळं ताडून पाहिलेली बरी.

व्हॉल्यूम नेहमी जोडीचा पाहावा, अख्ख्या एक्स्चेंजचा नको. बिटकॉइनमध्ये तुडुंब भरलेली एक्स्चेंज एखाद्या छोट्या नाण्याच्या बाबतीत कोरडी ठाक असू शकते. आणि फ्युचर्ससारख्या डेरिव्हेटिव्हची, म्हणजे नाणं न घेता नुसत्या त्याच्या भावावर केलेल्या सौद्यांची, उलाढाल वेगळी. त्यात उसन्या ताकदीवर मोठे आकडे होतात, नाणं घेऊन जाऊ पाहणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग नाही.

चार दारं

प्रत्येक एक्स्चेंजला चार दारं असतात: चलन (रुपये, डॉलर) आत, चलन बाहेर, नाणं आत, नाणं बाहेर. आत येणारी दोन्ही दारं नेहमी सताड उघडी आणि झाडून-पुसून ठेवलेली सापडतील. तुलना करायची ती बाहेरच्या दारांची.

नाणं बाहेर काढायची फी बहुतेक ठिकाणी ठरावीक असते, टक्केवारीत नसते. फी ५ डॉलर धरा. ५००० डॉलर हलवताना ती ०.१ टक्का, नावापुरती. ५० डॉलर हलवताना मात्र १० टक्के, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. सौद्याच्या फीमध्ये दशांशाचा फरक शोधण्यात तास घालवणारे लोक हा खर्च पाहतच नाहीत. शिवाय ही फी एक्स्चेंज ठरवते. नेटवर्कला प्रत्यक्षात जे द्यावं लागतं त्यापेक्षा ती बरीच जास्त असू शकते. एकाच नाण्याची काढण्याची फी तीन-चार एक्स्चेंजवर शेजारी-शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यांत भरतो.

नेटवर्कची फीही स्थिर नसते. २० एप्रिल २०२४ ला, बिटकॉइनच्या हाल्विंगच्या दिवशी (म्हणजे नवे बिटकॉइन निघण्याचा वेग निम्मा झाला त्या दिवशी), ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहार नोंदवणाऱ्या गठ्ठ्यात, जागा मिळवण्यासाठी अशी झुंबड उडाली की एका व्यवहाराची सरासरी फी शंभर डॉलरच्या पुढे गेली. एरवी ती याहून कितीतरी कमी असते.

वेळेचं गणित प्रत्येक नेटवर्कचं निराळं. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो. समोरची एक्स्चेंज एका ब्लॉकवर समाधानी असेल तर दहा मिनिटं, सहा मागत असेल तर तास. किती ब्लॉक हवेत हे ती एक्स्चेंज ठरवते, म्हणून तेच नाणं एकीकडे लवकर जमा होतं आणि दुसरीकडे उशिरा. इथेरियमचा ब्लॉक बारा सेकंदांनी येतो, पण तिथेही एक्स्चेंज बरेच ब्लॉक थांबतात. एक्सआरपी या नाण्याचा व्यवहार तीन ते पाच सेकंदांत पक्का होतो. या नेटवर्कच्या वेळेआधी एक्स्चेंजची स्वतःची तपासणी असते आणि खरा उशीर तिथे होतो: नवा पत्ता जोडला की काही ठिकाणी चोवीस तास थांबा, पासवर्ड बदलला की थांबा, रक्कम मोठी असेल तर माणूस तपासणार. आर्थिक गैरव्यवहार रोखण्याचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या एफएटीएफने २०१९ मध्ये ‘ट्रॅव्हल रूल’ क्रिप्टोलाही लागू केला. त्यामुळे अनेक देशांत पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती व्यवहारासोबत द्यावी लागते. या तपासण्या वाईट नाहीत, चोर आत शिरला तर याच आपल्याला वाचवतात. पण त्या आधी माहीत असाव्यात, घाईच्या दिवशी कळू नयेत.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. टेथरसारखं एकच नाणं अनेक नेटवर्कवर असतं. इथेरियमवर त्याला ईआरसी-२० म्हणतात, ट्रॉनवर टीआरसी-२०, आणि अशी आणखीही आहेत. पाठवताना नेटवर्क निवडायचा पर्याय येतो आणि स्वस्त दिसतं म्हणून माणूस एखादं निवडतो. समोरची एक्स्चेंज ते नेटवर्क घेत नसेल तर नाणी पोचूनही हाती लागत नाहीत. ट्रॉनचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो, त्यामुळे इथेरियमशी त्याची गल्लत सहसा होत नाही. पण इथेरियम आणि बीएनबी स्मार्ट चेन यांचे पत्ते हुबेहूब एकाच धाटणीचे. तिथे पत्ता पाहून चूक कळत नाही.

काही नाण्यांना पत्त्याबरोबर आणखी एक आकडा लागतो. एक्सआरपीला डेस्टिनेशन टॅग, स्टेलरला मेमो. कारण एक्स्चेंजचे हजारो ग्राहक एकच पत्ता वापरतात आणि कुणाचे पैसे कुणाचे हे त्या आकड्यावरून ठरतं. काही वर्षांपूर्वी एका एक्स्चेंजवर एक्सआरपी पाठवताना माझ्याकडून टॅग लिहायचा राहिला. चार-पाच सेकंदांत नाणी पोचली. सार्वजनिक खातेवहीत ती त्यांच्या पत्त्यावर जमा झालेली मला दिसत होती, आणि माझ्या खात्यात शून्य. तक्रार नोंदवली, व्यवहाराचा क्रमांक दिला, ओळखपत्र हातात धरून फोटो पाठवला, वेगळी फी भरली, आणि नवव्या दिवशी नाणी खात्यात आली. ते नऊ दिवस मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कुठल्याही एक्स्चेंजची तुलना करताना, अशी चूक झाली तर परत मिळवण्याची सोय आहे का आणि तिची फी किती, हे मी तिच्या मदत-पानावर आधी शोधतो.

पत्ता नेहमी कॉपी करावा, पण जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीच नको. तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेल्या पत्त्यावरून शून्य किंवा किरकोळ रक्कम पाठवून ठेवणारे भामटे आहेत. पुढच्या वेळी तुम्ही यादीतला तो पत्ता उचलावा याची ते वाट पाहतात.

विकेंद्रित एक्स्चेंजचा उल्लेख इथे करायला हवा. युनिस्वॉप २०१८ पासून आहे. तिथे ऑर्डर बुक नसतं, दोन नाण्यांच्या साठ्यातल्या प्रमाणावरून सूत्राने भाव निघतो. नाणी तुमच्याच वॉलेटमध्ये राहतात, त्यामुळे बाहेरचं दार अडण्याचा प्रश्न येत नाही. पण साठा छोटा असेल तर स्लिपेज जबर बसतो, प्रत्येक सौद्याला नेटवर्क फी लागते, आणि चलन थेट बँकेत काढता येत नाही. शेवटी पुन्हा कुठल्यातरी केंद्रीय एक्स्चेंजचं दार ठोठवावं लागतंच.

दार बंद होण्याआधी

एफटीएक्स नोव्हेंबर २०२२ पर्यंत जगातल्या सगळ्यात मोठ्या एक्स्चेंजपैकी एक होती. भाव चोख, स्प्रेड बारीक, व्हॉल्यूम भरघोस, ॲप सुरेख. पहिल्या दोन रकान्यांत तिला नावं ठेवायला जागा नव्हती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लोक पैसे काढायला लागले, काढणं मंदावलं, ८ तारखेला थांबलं, ११ तारखेला कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्राहकांचे पैसे दुसऱ्या कंपनीत वळवले होते. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार! संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

त्या दिवसांतली एक घटना मला या सगळ्या विषयाचं मर्म वाटते. १० नोव्हेंबरला, बाकी सगळं गोठलेलं असताना, ट्रॉन आणि त्याच्या कुटुंबातली काही मोजकी नाणी बाहेर काढू देण्याचा समझोता झाला. त्याबरोबर एफटीएक्सवर ट्रॉनचा भाव बाहेरच्या जगाच्या कित्येक पट झाला. अडकलेले लोक आपल्या शंभर डॉलरच्या बदल्यात अगदी थोडा ट्रॉन घ्यायला तयार होते, कारण तेवढा तरी बाहेर पडणार होता. २०१३ मधला माउंट गॉक्सचा महाग बिटकॉइन आणि २०२२ मधला एफटीएक्सचा महाग ट्रॉन हे एकाच कारणाने महाग होते.

एफटीएक्सनंतर अनेक एक्स्चेंज ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह्ज’ छापू लागल्या, म्हणजे आपल्याकडे ग्राहकांची नाणी आहेत याचा पुरावा. क्रॅकनने हे २०१४ मध्येच करून पाहिलं होतं. पुरावा असणं न असण्यापेक्षा चांगलं. पण तो देणी किती आहेत हेही दाखवतो का, ते पाहा. तिजोरीचा फोटो दाखवला आणि कर्जाची वही लपवली, तर तो पुरावा अर्धाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटवरून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर चोरीला गेलं आणि तरी तिने पैसे काढणं चालू ठेवलं. चोरी होऊनही दार उघडं राहिलं, ही तिच्याबद्दलची मोठी माहिती आहे. ती कुठल्याही भावाच्या तक्त्यात दिसत नाही.

म्हणून दोन-तीन एक्स्चेंज मनात भरल्या असतील, तर प्रत्येकीवर अगदी लहान रक्कम टाका आणि वही घेऊन बसा. चलन खात्यात कधी जमा झालं, लिहा. नाणं घेतलं त्या क्षणी इतर दोन ठिकाणी भाव काय होता आणि तुम्हाला प्रत्यक्ष काय पडला, लिहा. नाणं स्वतःच्या वॉलेटमध्ये काढा. किती कापलं, किती वेळ लागला, काय काय विचारलं, लिहा. ते परत पाठवा, विका, आणि चलन बँकेत काढा. सुरुवातीच्या रकमेतून शेवटची रक्कम वजा केली की त्या एक्स्चेंजची खरी किंमत मिळते, भाव, फी, स्लिपेज सगळं धरून. बाजार शांत असताना एकदा करा, आणि भाव धडाधड कोसळत असेल त्या दिवशी पुन्हा एकदा करा. मोठी रक्कम पाठवायची असेल तर त्या दुसऱ्या फेरीतले पैसे बँकेत आल्याची नोंद वहीत होईपर्यंत थांबा.